काळ्या मातीतला शेवगा

आमचा पहिला शेवगा ऑगस्टमध्ये गेला. जूनमध्ये लावला तेव्हा गुडघ्याएवढा होता, जुलैत माझ्या खांद्याला लागला, आणि मग सलग झड लागल्यावर पानं पिवळी पडून गळायला लागली. मला वाटलं अन्न कमी पडतंय, म्हणून बुंध्याशी आणखी शेणखत घातलं. एका सकाळी झाड भिंतीवर कललेलं दिसलं. हात लावला तर अख्खंच वर आलं, जोरसुद्धा लावावा लागला नाही. मूळ लिबलिबीत झालं होतं, साल मोजा काढावा तशी हातात निघून आली आणि सडक्या बटाट्यासारखा वास सुटला.

सासूबाई ओट्यावर बसून बघत होत्या. त्या मूळच्या रत्नागिरीकडच्या, लग्न होऊन इंदूरला आल्या त्याला आता पन्नास वर्षं होतील. म्हणाल्या, "अगं, आमच्याकडे शेवगा कोणी लावत नाही. फांदी रोवतात नि विसरून जातात." त्यांचं खरंच आहे. पण कोकणातल्या जांभ्या दगडाच्या उतारावर जे विसरून चालतं, ते माळव्याच्या काळ्या मातीत चालत नाही. हा फरक नीट समजायला मला आणखी एक झाड घालवावं लागलं. आता राजेंद्रनगरच्या आमच्या घरामागे शेवग्याची तीन झाडं चांगली उभी आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितेय. इंदुरात, देवासला, उज्जैनला काळ्या मातीत शेवगा लावू पाहणाऱ्याला याचा उपयोग व्हावा एवढीच इच्छा आहे.

आधी झाडाचं कूळ बघू. शेवगा मूळचा हिमालयाच्या पायथ्याचा, वायव्य भारतातल्या उतारांवरचा. तिथे पाऊस पडतो आणि वाहून जातो, जमिनीत थांबत नाही. अशा जागी जगायचं तर पाणी मिळेल तेव्हा साठवून ठेवावं लागतं आणि दिवस चांगले आहेत तोवर भराभर वाढून घ्यावं लागतं. म्हणून बियांपासून आलेल्या शेवग्याचं मूळ मुळ्यासारखं जाड आणि रसाळ असतं. वरचं झाड पहिल्याच वर्षी दहा फूट सहज गाठतं. लाकूड घट्ट करण्यात मात्र ते वेळ घालवत नाही. खोड मऊ, भेंडासारखं, आणि फांदी कडकन मोडणारी. सगळी कमाई पानांत, फुलांत आणि शेंगांत जाते. एवढं लक्षात ठेवलं की पाणी किती द्यायचं, छाटणी का करायची, पानं एवढी कसदार का आणि मुलांना या झाडावर चढू का द्यायचं नाही, हे सगळं आपोआप उलगडतं.

आता आपली माती. "मालव धरती गहन गंभीर, डग डग रोटी, पग पग नीर" हे आपण अभिमानानं म्हणतो, आणि गहू-हरभऱ्यासाठी ते अगदी खरं आहे. ही माती काळ्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन झालेली. तिच्यातले चिकणमातीचे कण कागदाच्या चळतीसारखे पातळ थरांचे असतात. पाणी त्या थरांमध्ये शिरतं आणि माती फुगते. मे महिन्यात ज्या भेगेत आपला हात जातो, ती भेग जुलैत शोधून सापडत नाही, कारण फुगलेल्या मातीनं ती बुजवलेली असते. पाणी धरून ठेवायचा हा गुण रब्बीच्या पिकांना वरदान आहे. शेवग्याला तोच जिवावर बेततो.

कारण मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळीत एरवी हवा असते. ती पोकळी पाण्यानं भरली की मुळांना प्राणवायू मिळत नाही. काही झाडं हे सोसतात, शेवग्याचं रसाळ मूळ सोसत नाही. ते आधी गुदमरतं आणि मग त्याच्यावर बुरशी बसते. फसवणूक अशी की वरून झाड तहानलेलं दिसतं. पानं माना टाकतात, पिवळी पडतात, कारण सडलेलं मूळ पाणी ओढूच शकत नाही. बघणारा बिचारा आणखी एक बादली ओततो.

माझी चूक याहूनही एक पायरी पुढची होती. पुस्तकी पद्धतीनं मी दोन फुटी खड्डा खणला आणि त्यात भुसभुशीत माती व खत भरलं. पण भोवती सगळी घट्ट काळी माती! म्हणजे मी जमिनीत एक वाडगाच करून ठेवला. अंगणातलं सगळं पाणी त्या सैल मातीत येऊन साचलं. चिकण मातीत खड्डा जितका मोठा आणि आतली माती जितकी सैल, तितका हा धोका जास्त.

तुमच्या जागेचं पाणी बघायची एक सोपी रीत आहे. हातभर खोल खड्डा घ्या, संध्याकाळी काठोकाठ पाणी भरा. सकाळी तळाला पाणी दिसलं, तर तिथे शेवगा जमिनीत लावू नका, जमिनीच्या वर लावा. वर म्हणजे ओटा करून. साधारण दीड-दोन फूट उंच आणि चार फूट रुंद असा मातीचा ढीग घालायचा. मी त्यात निम्मी बागेतली माती, बाकी अर्ध्यात मुरूम आणि कुजलेलं खत असं घातलं. मुरूम आपल्याकडे बांधकामाच्या जागी सहज मिळतो. ढिगाच्या कडा उतरत्या ठेवायच्या, म्हणजे पावसाचं पाणी बुंध्यापाशी थांबत नाही. इंदुरात वर्षाला साधारण साडेनऊशे ते हजार मिलिमीटर पाऊस होतो. शेवग्याला तो जास्त नाही. अडचण एवढीच की जवळजवळ सगळा चार महिन्यांत येतो.

खताचा विषय निघाला की मला राहवत नाही, कारण कुजलेल्या खताची जगात गाजलेली रीत आपल्याच गावाच्या नावानं ओळखली जाते. होळकर संस्थानाच्या काळात, १९२४ साली, इथे वनस्पती-उद्योग संस्था सुरू झाली. आजचं कृषी महाविद्यालय त्याच आवारात आहे. तिथे ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातला काडीकचरा, शेण, गोमूत्रानं भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून खत करायची पद्धत बसवली. तीच 'इंदूर पद्धत'. ढीग ओलसर ठेवायचा, पण चिंब नाही, आणि तीन महिन्यांत तीनदा वरखाली करायचा, म्हणजे आतल्या जिवाणूंना हवा मिळते. हवा कोंडली की ढीग कुजण्याऐवजी सडतो आणि घाण वास मारतो. माझ्या मेलेल्या शेवग्याच्या मुळाला जो वास होता, त्याचं कारणही तेच. ढीग असो की ओटा, आत हवा खेळती राहिली पाहिजे.

लावायचं काय, बी की फांदी? दोन्ही चालतं, पण झाड वेगवेगळं होतं. फांदी लावली की झाड हुबेहूब आईसारखं येतं आणि शेंगा लवकर धरतं. मनगटाएवढी जाड, तीन-चार फूट लांब, जून फांदी घ्यावी. दोन-तीन दिवस सावलीत ठेवावी म्हणजे कापलेली जागा सुकते. मग तिचा तिसरा हिस्सा मातीत पुरावा आणि वरच्या टोकाला शेण लिंपावं. मात्र फांदीच्या झाडाला सोटमूळ येत नाही, मुळं वरवर पसरतात. मोकळ्यावर असेल तर वादळात आडवं होतं आणि उन्हाळ्यात पाणीही जास्त मागतं.

बियांच्या झाडाला खोल मूळ असतं, पण शेंग आईसारखीच लागेल याची हमी नाही. म्हणून बी खात्रीचं आणावं. तामिळनाडू कृषी विद्यापीठाच्या पेरियाकुलम इथल्या महाविद्यालयानं काढलेला पीकेएम-१ हा वाण सगळ्यात जास्त पसरलेला आहे. तो बुटका राहतो, सहा महिन्यांच्या आसपास पहिली शेंग देतो आणि त्याची शेंग दोन फुटांहून लांब भरते. दापोलीच्या विद्यापीठाचा कोकण रुचिरा हाही चांगला वाण आहे. बी रात्रभर भिजत घालावं आणि बोटाच्या एका पेरापेक्षा खोल पेरू नये. आठवड्या-दोन आठवड्यांत कोंब दिसतो. पिशवीत रोप केलं तर महिना-सव्वा महिन्यात जागेवर लावून टाकावं, कारण तेवढ्यात सोटमूळ पिशवीच्या तळाशी गोल फिरू लागतं. मी आता थेट ओट्यावरच दोन-दोन बिया टाकते, तेही फेब्रुवारी संपता संपता. थंडी गेलेली असते, आणि पाऊस येईपर्यंत रोपाला चार महिने मिळतात, मूळ खाली गेलेलं असतं. जूनमध्ये लावलेलं कोवळं रोप आणि पहिली झड यांची गाठ पडू देऊ नये, असं माझं मत झालं आहे. शेतात रांगेनं लावायचं तर दोन झाडांत आठ फूट अंतर ठेवतात.

थंडीबद्दल थोडं. शेवग्याला २५ ते ३५ अंशांची ऊब आवडते. आपल्याकडचे मे महिन्यातले चाळीस-बेचाळीस अंश तो मुकाट्यानं सोसतो. पण डिसेंबर-जानेवारीच्या ज्या रात्री पारा पाच-सहा अंशांवर येतो, तेव्हा पानं झडतात आणि कोवळे शेंडे काळे पडतात. झाड मेलं असं समजून ते उपटू नका. पाणी जवळपास बंद करा, बुंध्याभोवती पाचोळा टाका, पहिल्या वर्षाचं रोप असेल तर रात्री गोणपाट गुंडाळा. फेब्रुवारीत काळा भाग कापून टाकला की खालून ढिगानं फुटवे येतात.

आणि आता ज्या कामाला सगळ्यांचा हात थरथरतो ते, छाटणी. रामबागेत आत्याच्या वाड्यामागे जुना शेवगा होता. तिसऱ्या मजल्याच्या गच्चीला लागेल एवढा उंच, शेंगा सगळ्या आभाळात. दरवर्षी कोणीतरी आकडी घेऊन चढायचं, आणि एका वर्षी शेजारचा मुलगा फांदीसकट खाली आला. हात मोडला, यावर निभावलं. झाडाचा त्यात काय दोष? त्यानं लाकूड घट्ट केलेलंच नसतं. शेवगा आपल्या हाताच्या उंचीवर ठेवला तरच तो घराच्या कामाचा.

रोप अडीच-तीन फुटांचं झालं की नखानं शेंडा खुडायचा. मन घट्ट करावं लागतं, कारण झाड अगदी रंगात आलेलं असतं. शेंडा वाढत असतो तेव्हा तो खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. तो खुडला की आठ-दहा दिवसांत पानांच्या बेचक्यातून कोवळे कोंब निघतात. त्या फांद्या दीड-दोन फुटांच्या झाल्या की त्यांचेही शेंडे खुडायचे. झाड झुडपासारखं भरतं. मग शेंगांचा हंगाम संपला की मे अखेरीला करवतीनं सरळ तीन फुटांवर कापून टाकायचं, काप तिरका, म्हणजे त्यावर पाणी थांबत नाही. पहिल्यांदा मी असं केलं तेव्हा शेजारच्या काकू हळहळल्या, "अगं, एवढं चांगलं झाड!" जून संपेपर्यंत त्याच बुंध्यावर डोक्याएवढी फूट होती. नुसती पानंच हवी असतील तर दर चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी फांद्या कापत राहिलं तरी चालतं.

फुलं खूप येतात आणि बरीचशी गळतात, त्याची काळजी करू नये, ते होणारच. पण सगळीच गळत असतील तर बहुतेक वेळा पाणी किंवा युरिया जास्त झालेला असतो. झाड पानांच्या मागे लागतं आणि शेंगा सोडतं. फुलांच्या वेळी मधमाश्या लागतात, तेव्हा त्या दिवसांत कसलंही विषारी औषध फवारू नये.

पावसाळ्यात घुले पडतात. केसाळ सुरवंटांचे थवेच्या थवे दिवसा खोडावर एकमेकांना चिकटून बसतात आणि रात्री पानं फस्त करतात. त्यांचे केस अंगाला लागले की गांधी उठतात, म्हणूनच 'शेवगा दाराशी नको' असं जुन्या बायका म्हणायच्या. पूर्वी पलिते लावून जाळत, त्यानं झाडाची सालही भाजते. दिवसा ते एका जागी असतात तेव्हाच लांब काठीच्या झाडूनं साबणाच्या पाण्याच्या बादलीत पाडावेत, काम होतं. पानांवरच्या अळीला निंबोळी अर्क पुरतो.

आता स्वयंपाकघर. इथल्या मंडईत शेवगा मागाल तर दुकानदार दोनदा विचारेल. "सुरजने की फली" म्हटलं की लगेच मिळते. उत्तरेत सहजन, बडोद्याकडे सरगवो. आणि तमिळमधल्या 'मुरुंगै'वरून शास्त्रीय नाव झालं मोरिंगा. हेच नाव हल्ली पानांच्या पुडीच्या डब्यांवर असतं, तिथे किंमतही वेगळीच असते. आमटी, पिठलं, सांबार, बेसन लावलेली रसभाजी हे सगळ्यांना ठाऊक आहे. शेंग घेताना दोन्ही टोकं धरून किंचित पिळावी. लवचिक असेल आणि आतल्या बिया बाहेरून फुगलेल्या दिसत नसतील तर ती घ्यावी. टणक, बोटांएवढी जाड झालेली शेंग शिजते, पण गर तोंडात चोथा होतो.

मला आवर्जून सांगायचं आहे ते पानांबद्दल. शेंगांसाठी आपण पैसे मोजतो आणि पानं गायीपुढे टाकतो. (गायीला, शेळीला ती उत्तमच. प्रथिनांच्या बाबतीत हा चारा चांगल्या लसूणघासाच्या तोडीचा आहे.) कोकणात गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पानांची भाजी करतात. तिला शेगलाची भाजी म्हणतात, आणि सोबत आंबोळ्या व काळ्या वाटाण्याचं सांबारं. सासूबाईंनी हा रिवाज इंदुरात पन्नास वर्षं टिकवला, बहुतेक वेळा दुसऱ्याच्या झाडाची पानं मागून. रीत साधी आहे. कोवळ्या फांद्यांची पानं ओरबाडून घ्यायची, बारीक काड्यासुद्धा काढायच्या, नाहीतर दाताखाली येतात. धुऊन न चिरताच घ्यायची. तेलात कांदा, हिरवी मिरची, भिजवलेली मूगडाळ परतून डाळ अर्धी शिजली की पानं टाकायची. आठ-दहा मिनिटं पुरे. वरून ओलं खोबरं आणि गॅस बंद केल्यावर लिंबू. किंचित कडसर चव राहते, ती राहायलाच हवी. जून पानं जास्त कडू लागतात, ती थालीपिठात किंवा वरणात खपतात. फुलांची भाजी करायची तर कळ्या मिठाच्या पाण्यात चुरून पिळून घ्याव्यात.

लिंबाला कारण आहे. पालेभाजीतलं लोह आपलं शरीर सहज उचलत नाही, क जीवनसत्त्व सोबत असलं की जास्त उचलतं. शिजताना पानांमधलं क जीवनसत्त्व बरंचसं जातं, म्हणून ते वरून द्यायचं.

पानांच्या पौष्टिकतेबद्दल जे आकडे मोबाईलवर फिरतात ते जरा सोडवून बघू, कारण त्यात खरं आणि भ्रामक एकमेकांत मिसळलेलं आहे. 'दुधाच्या १७ पट कॅल्शियम' हा आकडा खोटा नाही. पण तो पानांच्या १०० ग्रॅम सुक्या पुडीचा आहे, १०० ग्रॅम दुधासमोर ठेवलेला. दुधात बहुतांश पाणी असतं आणि पुडीतलं पाणी आपण आधीच उडवलेलं असतं. शिवाय १०० ग्रॅम पूड कोण खातं? चमचाभर पूड म्हणजे दोन ते तीन ग्रॅम. त्यातून ४० ते ६० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं. पेलाभर दुधातून मिळतं २४० च्या आसपास. 'संत्र्याच्या सातपट क जीवनसत्त्व' हे तर ताज्या पानांच्या जुन्या मोजणीवरचं आहे, आणि पानं वाळवताना तेच सगळ्यात आधी कमी होतं. पुडीच्या डब्यावर ते वाक्य छापणं बरोबर नाही.

याच्या उलट ताटातली भाजी बघा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम ताज्या पानांत साधारण ६ ग्रॅम प्रथिनं, ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम, साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं, आणि गाजराला लाजवील इतकं कॅरोटिन, ज्यातून शरीर अ जीवनसत्त्व तयार करतं. वाटीभर भाजीला ५० ग्रॅम पानं सहज लागतात. म्हणजे एका वाटीत दीडशे मिलिग्रॅम कॅल्शियम आलं, तेही फुकट, घरामागच्या झाडावरून. मोठ्या माणसाची दिवसाची गरज १००० मिलिग्रॅम धरतात. एकट्या शेवग्यावर ती भागणार नाही, पण हातभार भरघोस आहे.

पूड अगदीच टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. पावसाळ्यात पानं एवढी येतात की खपत नाहीत, आणि थंडीत झाड उघडं असतं. तेव्हासाठी घरी पूड करावी. पानं धुऊन, पाणी निथळून, सावलीत पातळ पसरावीत. उन्हात वाळवली तर कॅरोटिन उडतं आणि हिरवा रंग तपकिरी होतो. तीन-चार दिवसांत पान बोटांत चुरलं की कुटून घट्ट झाकणाच्या, उजेड न लागणाऱ्या डब्यात ठेवावी. कणकेत, वरणात, लसणाच्या चटणीत छान जाते.

सावध राहायचं ते मुळांपासून. शेवग्याच्या मुळाला मोहरीसारखा झणका असतो, पण मुळांत आणि सालीत अपायकारक द्रव्यं आहेत. ती घरगुती उपाय म्हणून उगाळून घेऊ नयेत, गरोदरपणात तर मुळीच नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर पानांतलं भरपूर के जीवनसत्त्व त्यातल्या काही गोळ्यांच्या आड येतं. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधं चालू असतील, तर आठवड्यातून एकदा भाजी खाणं वेगळं आणि रोज चमच्याचमच्यानं पूड घेणं वेगळं. ते डॉक्टरांना विचारूनच करावं.

राहिलं बी. पिकलेली शेंग झाडावरच वाळू दिली की तपकिरी होऊन तीन धारांनी उकलते. आत तीन पातळ पंखांची बी असते, वाऱ्यावर उडून जायला सोयीची. टरफल सोललं की पांढरा दाणा. त्यात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त तेल असतं, शास्त्रीय नावातलं 'ओलीफेरा' म्हणजे तेल देणारी, ते यामुळेच. हे तेल लवकर खवट होत नाही. पूर्वी युरोपात अत्तरवाले आणि घड्याळजी ते वापरत.

पण या दाण्याची खरी करामत पाण्यात दिसते. मागच्या पावसाळ्यात पुतण्याला शाळेसाठी काहीतरी करून दाखवायचं होतं. आम्ही अंगणातलं गढूळ पाणी काचेच्या दोन बरण्यांत भरलं. दोन दाणे खलात बारीक केले, थोड्या स्वच्छ पाण्यात कालवले आणि फडक्यातून गाळून ते दुधाळ पाणी दोन लिटरच्या एका बरणीत ओतलं. मिनिटभर जोरात ढवळलं, मग पाच-सात मिनिटं अगदी हळू. सुरुवातीला काहीच झालं नाही. मग पाण्यात कण कण दिसू लागले, फाटलेल्या दुधात दिसतात तसे. दोन कण जवळ येत, चिकटत, मोठे होत आणि खाली बसत. दीड तासानं त्या बरणीच्या तळाला बोटभर गाळ होता आणि वरच्या पाण्यातून पलीकडच्या वहीवरची अक्षरं वाचता येत होती. दुसरी बरणी होती तशीच चहासारखी.

असं का होतं? मातीच्या बारीक कणांवर ऋण विद्युतभार असतो. सगळ्यांवर सारखाच भार, म्हणून ते एकमेकांना ढकलत राहतात आणि तळाशी बसत नाहीत. शेवग्याच्या दाण्यातल्या प्रथिनावर धन भार असतो. ते मध्ये आलं की ढकलाढकली थांबते, कण एकमेकांना धरतात, जड होतात आणि खाली जातात. आजी तुरटीचा खडा फिरवायची त्यामागेही असंच आहे. निवळीचं बी माठात उगाळायची जुनी चालही तशीच. सुदानमध्ये नाईलचं गढूळ पाणी बायका अशाच बियांनी निवळत आल्या आहेत.

मात्र निवळलेलं पाणी म्हणजे निर्जंतुक पाणी नव्हे. गाळाबरोबर पुष्कळ जंतूही खाली बसतात, पण सगळे नाही. शिवाय दाण्यातला काही अंश पाण्यातच राहतो, त्यावर उरलेले जंतू पुन्हा वाढतात आणि दिवसाभरात पाण्याला वास येऊ शकतो. म्हणून वरचं पाणी अलगद काढून घ्यायचं, गाळ हलू द्यायचा नाही, आणि उकळून त्याच दिवशी वापरायचं. पाण्यात विरघळलेले क्षार, फ्लोराइड, नायट्रेट यांना हा उपाय नाही. बोअरचं पाणी खारट असेल तर ते खारटच राहणार.

यंदा मधल्या झाडाच्या वरच्या फांदीवर मी पाच शेंगा मुद्दाम ठेवल्या आहेत, सरळ आणि लांब अशा. छाटणी आठ दिवस पुढे ढकलली ती त्यांच्यासाठीच. त्यातल्या काही बिया काकूंना जायच्या आहेत. त्यांनी गच्चीवरून मुरुमाचं पोतं कालच खाली उतरवलं. ओटा कुठे घालायचा ते ठरवायला आज संध्याकाळी मला बोलावलंय.